यूएसबी साठवणूक : एका आज्ञेत किती डेटा?

पेनड्राइव्ह किंवा बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क आणि संगणक यांच्यातला व्यवहार ड्रायव्हर सांभाळतो. एका आज्ञेत जास्तीत जास्त किती डेटा वाचायचा किंवा लिहायचा, ही मर्यादाही तोच घालतो. लिनक्सच्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरमध्ये ती सहसा 240 सेक्टर, म्हणजे 120 किलोबाइट असते, यूएसबी 3.0 उपकरणांसाठी 2048 सेक्टर, म्हणजे 1 मेगाबाइट. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या किंवा इंदापूरजवळ वनगळीच्या एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी साध्या लिनक्स संगणकावर ही मर्यादा बदलून पाहू शकतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. काही गैरसमज मात्र आधी दूर व्हावे लागतात.

ही मर्यादा म्हणजे यूएसबीच्या पॅकेटचा आकार, असे अनेकांना वाटते. यूएसबी 2.0 च्या जलद वेगात बल्क पॅकेट 512 बाइटचे असते, म्हणून 120 किलोबाइटच्या एका आज्ञेत अशी 240 पॅकेट जातात. मर्यादा आज्ञेची आहे, पॅकेटची नाही. ती मानकाने घातलेली आहे, हेही खरे नाही. नेहमीच्या दहा बाइटी वाचन-आज्ञेत 65,535 सेक्टरपर्यंत मागणी करता येते. 512 बाइटचे सेक्टर धरले तर हे जवळजवळ 32 मेगाबाइट झाले. ड्रायव्हर त्याच्या कितीतरी अलीकडे थांबतो, कारण बाजारातल्या सगळ्याच उपकरणांना एवढी मोठी मागणी पेलत नाही.

मर्यादा वाढवली की वेग त्याच प्रमाणात वाढतो, हा समजही टिकत नाही. यूएसबी साठवणुकीच्या बल्क-ओन्ली पद्धतीत आधी 31 बाइटची आज्ञा जाते, मग डेटा आणि शेवटी 13 बाइटचे स्थिती-उत्तर येते. ते आल्याशिवाय पुढची आज्ञा निघत नाही. आज्ञा लहान असतील तर या ये-जा करण्यात बराच वेळ जातो. 4 किलोबाइटवरून 64 वर गेल्यास फरक ठळक दिसतो. पुढे तो आटत जातो, कारण मग खरा अडसर फ्लॅश चिपच्या लेखनवेगाचा असतो.

विंडोजवर चालणारे उपकरण लिनक्सवर अडले की दोष लिनक्सला दिला जातो. विंडोजचा ड्रायव्हर दीर्घकाळ एका आज्ञेत 64 किलोबाइटपर्यंतच मागत असे, त्यामुळे त्याहून मोठ्या आज्ञांवर तपासलेच न गेलेले फर्मवेअर बाजारात आले. जेनेसिस लॉजिकच्या काही जोडचिपा मोठी आज्ञा आली की अडकत. लिनक्सने अशा उपकरणांसाठी 64 सेक्टरची, म्हणजे 32 किलोबाइटची वेगळी मर्यादा ठेवली.

चाचणीत सर्वाधिक फसवणूक लिनक्सच्या ‘डीडी’ या कॉपी-आज्ञेतल्या ब्लॉकच्या आकारामुळे होते. तो 1 मेगाबाइट ठेवला तरी 240 सेक्टरची मर्यादा असताना कर्नल त्या मागणीचे तुकडे करूनच पाठवते. म्हणून उपकरणाच्या ‘मॅक्स सेक्टर्स’ फाइलमधला आकडा बदलावा लागतो आणि मेमरीतल्या कॅशेला वगळून थेट लेखन करावे लागते. नाहीतर मोजला जातो तो रॅमचा वेग.

वेग मोजून काम संपत नाही. कॉपी पूर्ण झाली म्हणजे डेटा शाबूत आहे, हा सर्वांत घातक समज. नुसती शून्ये लिहिली तर जागा चुकलेला ब्लॉक ओळखूच येत नाही; म्हणून प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक असलेला नमुना लिहावा. मग ड्राइव्ह नीट इजेक्ट करून काढावा आणि पुन्हा लावावा. पुन्हा लावल्यावर मर्यादा मूळ आकड्यावर येते, आणि हे सोयीचेच आहे : मोठ्या आज्ञांनी लिहिलेले लहान आज्ञांनी वाचून पडताळले की चूक लिहिताना झाली की वाचताना, हे वेगळे कळते. त्यानंतर मर्यादा वाढवून वाचन तपासावे. कर्नलच्या नोंदीत ‘रीसेट’ दिसला, तर त्या आकड्यावर उपकरण नापास समजावे, मग वेग कितीही चांगला असो.

या चाचणीत ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून ती रिकाम्या ड्राइव्हवरच करावी आणि लेखनाची आज्ञा देण्यापूर्वी उपकरणाचे नाव दोनदा तपासावे.