बाळंतीण मांजरीचे पथ्यपाणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक मांजर व्याली. चार पिल्ले झाली. दोन काळीपांढरी, एक पिवळे, एक आईसारखे करडे. माझी धाकटी मुलगी रोज सकाळी आपल्या वाटणीचे अर्धे दूध भातात कालवून वाटी घेऊन जिन्याखाली जाई. आम्हा नवराबायकोला बरे वाटे. आपले लेकरू दुसऱ्याला देऊन खायला शिकते आहे, याहून आईबापाला आणखी काय हवे?

पण आठवड्याभरात मांजरीला जुलाब सुरू झाले. तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. पिल्ले रात्रभर ओरडत. दहाव्या दिवशी पिवळे पिल्लू मेलेले सापडले. मुलीने विचारले, "पप्पा, आपण तर रोज दूध देत होतो. मग ते कसं मेलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. पिल्लू नेमके कशाने गेले हे न पाहता सांगता येणार नाही, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. मात्र आईच्या खाण्याबाबत आमचे कुठे चुकले, ते त्यांनी नीट समजावून सांगितले. अनेक घरांत हीच चूक होते, म्हणून हे लिहीत आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पोटासाठी कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय मला काही उमगत नाही. तेव्हा हिशेबच पाहू. नुकते जन्मलेले निरोगी पिल्लू साधारण 100 ग्रॅमचे असते आणि रोज 10 ते 15 ग्रॅमने वाढते. चार पिल्ले म्हणजे दिवसाला 40 ते 60 ग्रॅम. चार आठवड्यांत साधारण 1.1 ते 1.7 किलो नवे अंग उभे राहते. आणि आई स्वतः किती? आपल्या गल्लीतली मांजर तीनेक किलोची. म्हणजे महिनाभरात ती स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास लेकरांच्या अंगावर चढवते. बाहेरून जमा झाले नाही, तर हा खर्च तिच्याच हाडामांसातून जातो.

म्हणून पिल्ले अंगावर पीत असताना तिला नेहमीच्या दुप्पट आहार लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो अडीच-तीन पटींपर्यंत जातो. पोट मात्र तेवढेच असते. त्यामुळे एकदम भरपूर वाढून उपयोग नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे.

आता दुधाविषयी. दूध पाजणाऱ्या आईला दूध दिले की दूध वाढते, अशी आपली समजूत असते. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात आणि अंगातले पाणी जाते. दूध तयार व्हायला तर पाणीच लागते. म्हणजे आम्ही एका हाताने देत होतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होतो. दुधाऐवजी स्वच्छ पाण्याची पसरट वाटी चोवीस तास भरलेली ठेवावी.

नुसता भातही कामाचा नाही. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिला मांस-मासळीतूनच मिळतो. भात, भाकरी, भाजी यांत तो नसतो. तो कमी पडला तर मांजरीचे डोळे जातात, हे 1975 साली सिद्ध झाले. हृदयही कमजोर होते, हे 1987 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी दाखवून दिले. हा घटक पाण्यात उतरतो, म्हणून मांस उकडलेले पाणी फेकू नये. तेही कोमट करून द्यावे.

"माणसाला मिळत नाही अन् मांजरीला मटण कुठलं?" शेजारच्या आजी म्हणाल्या. त्यांचे खोटे नाही. महिनाअखेरीला आमच्याही घरी डाळभातच असतो. पण यासाठी मटण लागत नाही. कोंबडीच्या दुकानात मान, काळीज, पोटे स्वस्तात मिळतात. मासळी साफ करताना डोकी, शेपट्या आपण फेकूनच देतो. हे सारे मीठ-मसाला न घालता उकडावे. मानेची व डोक्याची हाडे-काटे काढावेत. शिजलेले हाड फुटून घशात किंवा आतड्यात रुतते. कलेजी आठवड्यातून एकदा, तीही थोडीच. उकडलेले अंडे चांगले. भात घातलाच तर चिमूटभर. ज्यांना परवडते त्यांनी पिल्लांसाठी मिळणारे तयार कोरडे खाद्य आईला द्यावे. त्यात ताकद जास्त असते, आईला हाडांसाठी लागणारा चुनाही असतो आणि थोडक्यात भागते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. कांदा-लसूण मांजरीच्या रक्ताला मारक आहे, म्हणून आपल्या कालवणातला रस्सा तिला घालू नये. कच्ची मासळी रोज देऊ नये, खारवलेली तर नकोच. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरते.

ताटली पिल्लांपासून दोन-चार हात दूर ठेवावी, पण इतकी दूर नको की त्यांना सोडून लांब जावे लागेल. उरलेले लगेच उचलावे, नाहीतर मुंग्या आणि बोके येतात. आईचे आचळ गरम व कडक झाले, ती थरथरू लागली, पाय ताठ झाले किंवा दिवसभर तोंडात घास घेतला नाही, तर घरगुती उपाय न करता तडक डॉक्टरांकडे न्यावे.

चौथ्या आठवड्यापासून पिल्लेही आईच्या ताटलीत तोंड घालतात. तेव्हा मऊ कुस्करलेले त्यांना वेगळे द्यावे. आईचे कमी करू नये. आठव्या आठवड्याच्या सुमारास ती अंगावरून सुटली की हळूहळू नेहमीच्या आहारावर आणावे. मांजर पिल्ले पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पिल्ले सुटताच तिचे नसबंदीचे ऑपरेशन करून घ्यावे. नाहीतर हाच हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

हे सारे ऐकताना मला माझी आई आठवत होती. ती बिगारी कामाला जाई. धाकटा भाऊ अंगावर पीत होता, तेव्हाही आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर ती बसे. टोपल्यात उरेल ती भाकर आणि तळाचे कालवण. "मला भूक नाही," म्हणे. आम्ही ते खरे मानले. भाऊ सारखा रडे, त्याला मात्र सगळे किरकिरा म्हणत. आजही कितीतरी घरांत मूल अंगावर असलेली सून सगळ्यांच्या शेवटी जेवते. मांजरीच्या ताटलीचा विचार करताना आपण घरातल्या ताटांकडेही एकदा पाहावे.

आमची मांजर त्या दवाखान्याच्या फेरीनंतर सावरली. तीन पिल्ले जगली. एक आजींनीच ठेवून घेतले आहे. घरी मासळी आली की मुलगी डोकी वेगळी काढते, पातेले गॅसवर चढवते आणि मला बजावते, "पप्पा, यात मीठ नाही टाकायचं." जेवणाच्या वेळी आता ती आईचेही ताट आमच्याबरोबरच वाढते.