दुपारचा समुद्र लांबूनच बरा

पुण्याहून पहाटे सहाला निघालेली गाडी ताम्हिणी घाट उतरते, माणगावला चहा-वडा होतो आणि साडेअकराच्या सुमारास मंडळी दिवेआगरला पोचतात. खोली बारा-एकशिवाय ताब्यात मिळणार नसते. मग सामान गाडीतच ठेवून सगळे थेट समुद्रावर. मे महिन्याच्या सुट्टीत रायगड-रत्नागिरीच्या बहुतेक किनाऱ्यांवर हे रोज घडतं. ज्या वेळी गावातलं माणूस वाळूवर औषधालाही सापडत नाही, त्याच वेळी तिथे पर्यटकांची झुंबड असते.

‘कोकणात कुठलं एवढं ऊन? ऊन बघायचं तर नागपूरला जा,’ असं आपण सहज म्हणतो. पारा पाहिला तर ते खरंही वाटतं. नागपूरला ४० अंश असताना रत्नागिरीत ३३ असतात. पण शरीराला नुसता पारा कळत नाही. अंगावरचा घाम वाळला की त्याबरोबर उष्णता निघून जाते, आणि घाम किती वाळणार हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. तापमान आणि आर्द्रता यांचा मेळ घालणाऱ्या उष्मा निर्देशांकानुसार ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेली कोरडी हवा अंगाला साधारण ३९ अंशांसारखी जाणवते. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तोच आकडा ४३ च्या वर जातो. हा हिशोब सावलीतला आहे. उघड्या वाळूवर त्यात उन्हाची भर पडते.

म्हणूनच हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेसाठी किनाऱ्याचं माप वेगळं ठेवलं आहे. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर गेल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीवर मात्र ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ एवढंही पुरतं. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे हिवाळा सरतासरता, मुंबईत सांताक्रूझला ३८.७ अंशांची नोंद झाली होती. अशा दमट उष्म्याचा सगळ्यात दुःखद पुरावा खारघरला मिळाला. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मोकळ्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपासच होता.

समुद्रावर आणखी एक फसगत होते, ती वाऱ्यामुळे. दुपारकडे जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे ते हेच. अंगावर वारा आला की बरं वाटतं, घाम जाणवत नाही, आणि पाण्यात उभं असलं की अंग गारच राहतं. शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर पडणं मात्र चालूच असतं. काही दिवस पूर्वेकडून जमिनीवरचा गरम वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्यांना दुपार उलटेपर्यंत थोपवून धरतो. मुंबई आणि उत्तर कोकणाचा पारा अचानक चढतो तो बहुधा अशाच दिवशी.

वाऱ्याने ऊन कमी वाटलं तरी त्यातले अतिनील किरण कमी होत नाहीत. मे महिन्यात कोकणात सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. मालवणला मेच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबईला १५ तारखेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. अतिनील निर्देशांकाच्या पट्टीवर ११ आणि त्यापुढचा आकडा सर्वाधिक धोक्याचा मानतात, आणि या दिवसांत दुपारी आकाश निरभ्र असेल तर कोकणात तो सहज गाठला जातो. कोरडी वाळू यातले सुमारे १५ टक्के किरण परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे छत्रीखाली बसूनही नाक, गाल आणि हनुवटीचा खालचा भाग भाजतो. पाण्यात कमरेएवढं उतरूनही सुटका होत नाही, कारण अर्ध्या मीटर खोलीवरही पृष्ठभागावरचे ४० टक्के किरण पोचतात. ओला पांढरा टी-शर्ट फार काही अडवत नाही. गडद रंगाचा, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा कपडा जास्त कामाचा. सनस्क्रीन निदान एसपीएफ ३० चं असावं, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावं. सकाळी एकदा चोपडलं की दिवसभराची निश्चिंती, असं होत नाही.

गावाचं घड्याळ

किनाऱ्यावरची माणसं उन्हाशी भांडत नाहीत, त्याला वेळ वाटून देतात. मालवण-तारकर्लीकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची तर उजाडता उजाडता. दोन्ही बाजूंच्या दोरांवर पंधरा-वीस माणसं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, पावलं ओल्या वाळूत रोवलेली. ऊन तापायच्या आत जाळं वर येतं, मासळीची वाटणी होते आणि माणसं पांगतात. दापोलीजवळच्या हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव सकाळी आणि संध्याकाळी रंगतो. मधल्या वेळात किनारा कुत्र्यांचा आणि कावळ्यांचा असतो, तोही होड्यांच्या सावलीपुरता.

पर्यटकांनी हेच वेळापत्रक उचलावं. सकाळी साडेसहा ते नऊ-साडेनऊ समुद्र, पुन्हा साडेचारनंतर समुद्र, आणि मधला वेळ सावलीचा. जेवण, झोप, सुपारीच्या वाडीतला फेरफटका, कौलारू देवळातला गारवा ही दुपारची कामं. जंजिऱ्याला जायचं असेल तर राजपुरीच्या धक्क्यावर सकाळी लवकर पोचावं. बारा वाजता होडीच्या रांगेत उभं राहून पुढे किल्ल्याच्या तापलेल्या दगडांवर फिरण्यात हाल जास्त आणि मजा कमी. खोली उशिरा मिळणार असेल तर फोन करून आधीच ‘ओटीवर, पडवीत टेकायला जागा मिळेल का’ असं विचारावं. घरगुती मुक्काम चालवणारी बहुतेक मंडळी नाही म्हणत नाहीत.

किनाऱ्यावरची सावलीही आता गृहीत धरता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि काशीद, दिवेआगर, श्रीवर्धनच्या सुरूच्या बनांची व नारळी-पोफळीच्या वाड्यांची मोठी हानी झाली. जुन्या फोटोंत दिसणारी गर्द झाडी प्रत्यक्षात ठिकठिकाणी विरळ सापडते. म्हणून मोठी छत्री किंवा चार काठ्यांवर बांधता येईल अशी जाड चादर बरोबर असलेली बरी. चपला पाण्याच्या कडेपर्यंत पायातच ठेवाव्यात. भर दुपारी कोरडी वाळू ५० अंशांच्या वर तापते आणि लहान मुलांचे तळवे मिनिटभरात भाजतात.

तहान लागण्याआधी

उन्हाळी लागणं, डोकं दुखणं, पायात गोळे येणं यांची सुरुवात बऱ्याचदा किनाऱ्यावर होतच नाही, ती घाटात होते. वाटेत धड स्वच्छतागृह मिळत नाही, म्हणून घरातल्या बायका चार-पाच तास पाण्याचा घोटही घेत नाहीत आणि तशाच कोरड्या अंगाने उन्हात उतरतात. त्यातून वातानुकूलित घरा-कचेरीत राहणाऱ्या शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि सहल असते दोन दिवसांची.

प्यायला काय, याचं उत्तर कोकणाच्या स्वयंपाकघरात आहे. कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक, शहाळं, कैरीचं पन्हं. सगळ्यात गुणाची म्हणजे पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली सैलसर पेज पाणी, मीठ आणि पिष्ट एकदमच देते. न्याहरीला पेज मिळेल का, असं मुक्कामाच्या घरी विचारून पाहायला हरकत नाही. जलसंजीवनीची पाकिटं जवळ नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, एवढं पुरतं. बीअर म्हणजे थंड पेय हा समज मात्र घरी ठेवून यावा. दारूने लघवीवाटे पाणी जातं, उन्हाची जाणीव बोथट होते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाचा अंदाज चुकतो.

लहान मुलं, साठीपुढची माणसं, गरोदर स्त्रिया आणि रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारे यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. झोपलेल्या बाळाला काचा बंद करून गाडीत ठेवणं तर पाच मिनिटांसाठीही नको. बाहेर ३५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीचं तापमान अर्ध्या तासात ५० अंशांच्या घरात जातं.

एखाद्याला चक्कर आली, मळमळलं, दरदरून घाम सुटला तर त्याला सावलीत आडवं करावं, पाय थोडे उंच ठेवावेत, घोट घोट पाणी किंवा सरबत द्यावं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी शरीराचं तापमान ४० अंशांपलीकडे गेलेलं असतं. १०८ ला फोन लावावा आणि रुग्णवाहिका येण्याची वाट न बघता अंगावर भराभर पाणी ओतत वारा घालावा. काखेत, मानेला, जांघेत बर्फ किंवा गार फडकी ठेवावीत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तिथीची पाऊणपट

ऊन टाळून सकाळ-संध्याकाळ निवडली की दुसरा प्रश्न येतो तो भरती-ओहोटीचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्या वेळी ओहोटी लागलेली होती. ओहोटीचं पाणी वरून शांत दिसतं आणि पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराला. दोन्ही पक्षांना हिशोब तोच, आणि अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तास पाणी उतरत राहतं. म्हणजे अमावास्येला संध्याकाळी चार-पाच वाजता, ऊन कलल्यावर सगळे पाण्यात शिरतात तेव्हा, उधाणाचं पाणी मागे जात असतं. चतुर्थीची संध्याकाळही ओहोटीचीच. अष्टमी-नवमीला मात्र संध्याकाळी पाणी चढतं आणि ती भांगाची, म्हणजे लहान, भरती असल्याने ओढही तुलनेने कमी असते. सुट्टीची तारीख ठरवताना कॅलेंडरवरचा वार बघतो तशी तिथीही बघावी.

तरी भरती म्हणजे निर्धोक, असं नाही. आत ओढणारे अरुंद प्रवाह कुठल्याही वेळी तयार होतात. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गढूळ दिसला, तर तिथे उतरू नये. सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहावं, हात वर करून मदत मागावी. गोव्यात जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलं पाणी पोहण्यासाठी असतं आणि लाल झेंडा दिसला की उतरायचं नसतं. महाराष्ट्रातल्या अनेक लहान किनाऱ्यांवर असा झेंडाही नसतो. मेच्या अखेरीस तर पावसाआधीचा समुद्र खवळू लागतो आणि जलक्रीडा बंद होतात.

तेव्हा मुक्कामी पोचल्यावर चहा घेताघेता यजमानांना दोन गोष्टी विचाराव्यात. आज भरती किती वाजता, आणि या किनाऱ्यावर कुठे उतरायचं नाही? दुसऱ्या प्रश्नाला ते ज्या जागेकडे बोट दाखवतील, तिथे पाणी कितीही छान दिसलं तरी जाऊ नये.