स्वाहिली क्रियापदाची जोडणी

टांझानिया-केनियात बोलल्या जाणाऱ्या स्वाहिलीत क्रियापद म्हणजे सुट्या भागांची जोडणी. आधी कर्ता, मग वर्तमानकाळाचा 'ना', शेवटी धातू. 'सोमा' म्हणजे वाचणे. बघा :

निनासोमा – मी वाचतो
उनासोमा – तू
आनासोमा – तो किंवा ती
तुनासोमा – आम्ही
म्नासोमा – तुम्ही
वानासोमा – ते

'वाचतो-वाचते' ही भानगडच नाही! नकारात मात्र 'ना' गळतो आणि शेवटच्या 'आ'चा 'ई' होतो : सिसोमी – मी वाचत नाही.

आपल्या भामरागडकडच्या माडियातही कर्त्याची खूण क्रियापदालाच लागते, फक्त शेवटी. तेव्हा 'माडियाला कुठलं आलंय व्याकरण?' असं म्हणण्याआधी माडिया बोलणाऱ्या रूममेटकडून अशीच सहा रूपं लिहून घ्या. व्याकरण आपोआप दिसेल.