रामसेसमधला ‘म’ रामाचा नाही

रामनवमीच्या आसपास एक निरोप मोबाईलवर फिरू लागतो. इजिप्तचे राजे स्वतःला ‘रामसेस’ म्हणवत, म्हणजे तिथेही रामच पूजला जाई, असा त्याचा आशय. ऐकायला गोड, पण नाव चुकीच्या जागी तोडलेले.

ते असे तुटते: रा, मस, सू. ‘रा’ हा सूर्यदेव, ‘सू’ म्हणजे त्याला आणि ‘मस’ हे जन्म देणे, निर्माण करणे या अर्थाचे क्रियापद. ‘ज्याला रा याने जन्म दिला तो’ असा नावाचा अर्थ. ‘म’ क्रियापदाचा आहे, देवाचा नाही. इतर राजांची नावेही तशीच: थुतमोस म्हणजे थोथ देव जन्मला, अहमोस म्हणजे चंद्र जन्मला. तेच क्रियापद, आणि राम कुठेच नाही.

उच्चाराचाही पुरावा आहे. इ.स.पू. 1259 च्या सुमारास दुसऱ्या रामसेसने हित्ती राजा हत्तुसिलीशी तह केला. तुर्कस्तानातल्या बोगाझकॉय इथे सापडलेल्या त्या तहाच्या कीलाक्षरी मजकुरात रामसेसचे नाव ‘रीअमशेशा’ असे उतरवले आहे. लिहिणाऱ्याच्या कानावर ‘राम’ पडलेच नव्हते! आज आपण म्हणतो ते ‘मस’, ‘मेस’ हे उच्चार सोयीचे, कारण चित्रलिपीत स्वर लिहीतच नसत.

हे क्रियापद लिहिताना बाळंतपणाचे चित्र काढत, हा आणखी एक समज. बाळंत होणाऱ्या स्त्रीचे चिन्ह अर्थ सुचवायला कधी शेवटी येई खरे. पण ‘मस’ हा ध्वनी दाखवायला एकत्र बांधलेली तीन कोल्ह्यांची कातडी काढत. 1822 मध्ये चित्रलिपी उलगडणाऱ्या शाम्पोलियोंने रामसेसचे नाव वाचले, तेव्हा प्राचीन इजिप्शियनपासून आलेल्या कॉप्टिक भाषेतला ‘मिसे’, म्हणजे जन्म देणे, हा शब्द त्याच्या कामी आला.

आणि हे क्रियापद केवळ बाळंतपणापुरते होते का? नाही. आपल्याकडे गाय व्याली म्हणतात, बाई बाळंत झाली म्हणतात. व्याली हे बाईबद्दल म्हटले तर भांडणच. इजिप्तमध्ये बाई, गाय आणि देव या सगळ्यांना एकच क्रियापद चाले. मूर्तीसुद्धा ‘जन्मत’. पालेर्मो शिलालेखात राजांच्या वर्षवार नोंदींत ‘अनुबिसचा जन्म’ येतो, ती या देवाची मूर्ती घडवल्याची नोंद मानतात.

तेव्हा तो निरोप पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: मग थुतमोसमधला ‘म’ कोणत्या देवाचा?