हिवाळी पाहुणे आणि आपल्या तळ्यांचे काठ

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत पक्ष्यांवर लेख कशासाठी, असे काही सभासदांस वाटणे शक्य आहे. तथापि गेली काही वर्षे थंडीच्या दिवसांत आपल्यापैकी काही कुटुंबे मिळून धुपदाळच्या पाणथळीकडे पक्षी पाहावयास जातात, आणि परत आल्यावर मुलेच नव्हे तर वडीलधारी मंडळीही आम्हांस नाना प्रश्न विचारतात. हे पक्षी येतात कोठून? येतात कशासाठी? पूर्वीइतके ते येतील की नाही? या प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत व शेवटी एक विनंती करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धुपदाळचे पाणी

आपल्या भागात नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. जे पाणी आहे ते माणसाने शेतीसाठी व पिण्यासाठी अडविलेले. घटप्रभा नदीवर धुपदाळ येथे १८९७ साली कालव्यासाठी बंधारा बांधला गेला. त्यामागे पसरलेल्या उथळ पाण्यावर हळूहळू पक्ष्यांनी वस्ती केली आणि १९७४ साली या परिसरास घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. निपाणीकरांनी संकेश्वर-हुक्केरीमार्गे जावे. बेळगावकरांस मिरज मार्गावरचे घटप्रभा स्थानक सोयीचे पडते. हे पाणी एकट्या एका जिल्ह्याचे नाही. आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करून घटप्रभेसच मिळते. तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे या पाण्याची भागीदार आहेत.

पाहुणे कोण कोण?

दिवाळी सरली की पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. चोच फावड्यासारखी पसरट असलेला थापट्या, अणकुचीदार शेपटीचे तलवार बदक, भगव्या अंगाचा चक्रवाक ही बदके येतात. कैकर येतो आणि पाण्यावर झेप घालून पायांत मासा धरून नेतो. काठाच्या चिखलात तुतवार व चिखल्या धावपळ करीत असतात, आणि शेपटी हलविणारा धोबी तर आपल्या अंगणातही उतरतो. भोरड्यांचे थवे ज्वारीच्या शेतांवर याआधीच आलेले असतात. ते शेतकऱ्यांस निराळे सांगावयास नको.

कायमचे रहिवासीही पाहण्यासारखे आहेत. ज्याच्या काळ्या चोचीला पिवळे टोक आणि बुडाशी तांबडे ठिपके असतात त्या बदकास आपल्या लोकांनी हळदीकुंकू असे नाव दिले. काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा लावल्यासारखा दिसणारा तो वारकरी. गुलाबी लांब पायांचा शेकाट्या. ही नावे मुलांस एकदा सांगितली की पक्षी ती विसरत नाहीत, असे गमतीने म्हणावे लागते. कारण मुले तर मुळीच विसरत नाहीत.

धुपदाळची विशेष ख्याती मात्र दोन मोठ्या पक्ष्यांसाठी आहे : कांड्या करकोचा आणि युरोपातून येणारा पांढरा करकोचा. दोघांस आपण करकोचाच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. वस्तुतः ही दोन वेगळी कुळे आहेत. कांड्या करकोचा राखी रंगाचा, मान व छाती काळी, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. त्याचा आवाज तुतारीसारखा लांबवर ऐकू येतो, तो धान्य व हरभरा खातो आणि घरटे जमिनीवर करतो. पांढऱ्या करकोच्याची चोच व पाय लाल, पंखांची कड काळी. त्यास जवळजवळ आवाजच नाही; तो चोच वाजवून बोलतो. बेडूक, टोळ, उंदीर हे त्याचे खाद्य, आणि त्याचे घरटे झाडावर किंवा युरोपातील खेड्यांत घराच्या छपरावर असते. उडताना दोघेही मान सरळ ठेवतात. मान आखडून उडणारा लांब पायांचा पक्षी दिसला तर तो बगळ्याच्या कुळातला समजावा.

ते येतात का, आणि आपल्यास कळले कसे?

थंडी सोसत नाही म्हणून पक्षी येतात हा समज अर्धाच खरा आहे. पिसांमुळे पुष्कळशा पक्ष्यांस थंडी सोसते. सोसत नाही ती उपासमार. उत्तरेकडील तळी गोठली, किडे नाहीसे झाले, बर्फाखाली बी-दाणा दडला म्हणजे त्यांस दक्षिणेकडे येणे भाग पडते. तशी वेळ येण्याआधीच दिवस लहान होऊ लागल्याची खूण त्यांच्या शरीरास मिळते. ते चरबी साठवितात आणि निघतात. कांड्या करकोचे मंगोलिया व मध्य आशियातून येतात. त्यांतले कित्येक हिमालय ओलांडतात.

एके काळी युरोपात पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात दडून बसतात असे मानीत. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील भाला आरपार रुतलेला होता. तो घेऊन बिचारा परत आला होता. पक्षी खंडे ओलांडतात याचा तो ढळढळीत पुरावा ठरला. तो करकोचा रॉस्टॉक विद्यापीठात आजही जपून ठेवला आहे. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली वळी घालण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या देखरेखीखाली १९६० च्या दशकात हजारो पक्ष्यांस अशी वळी घातली. आता उपग्रहाशी जोडलेली यंत्रेही वापरतात. आपणांपैकी कोणास वळे असलेला मृत पक्षी आढळला तर त्यावरील अक्षरे, क्रमांक, ठिकाण व तारीख सोसायटीस अवश्य कळवावी. पक्षी जिवंत असल्यास त्यास पकडू नये. दुरून वाचता येईल तेवढे वाचावे.

सारे मर्म काठात आहे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पाणी जितके अधिक तितके पक्षी अधिक, असे नवख्यास वाटते. पण हिडकलच्या खोल जलाशयाच्या मध्यभागी पाहिले तर बराच भाग सुना दिसतो, आणि धुपदाळच्या गुडघाभर पाण्यात मात्र गर्दी. असे का? शेकाट्याचे पाय वीतभर, चिखल्याचे दोन बोटे. थापट्या पृष्ठभागावरचे बारीक जीव चोचीने गाळून घेतो. तलवार बदक डोके खाली शेपटी वर करून मान पोहोचेल तेथपर्यंतच तळ चाळते. प्रत्येकाचे ताट ठराविक खोलीवर वाढलेले असते. पावसाळ्यात पाणी तुडुंब असते. पुढे कालव्यास पाणी सुटत जाते तसतसा काठ उघडा पडतो, आणि रोज नवा ओला पट्टा, त्यातले किडे, शिंपले, गांडुळे पक्ष्यांस मिळतात. जो चिखल आपल्यास घाण वाटतो तेच त्यांचे स्वयंपाकघर. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळही असेच, गोदावरीच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेले आहे.

म्हणून आम्हांस काळजी वाटते ती तळ्यांच्या सुशोभीकरणाची. हेतू चांगला असतो. पण सभोवार दगडी भिंत, फरसबंदी वाट आणि रात्रभर दिवे लावले की तळे खोल हौदासारखे होते. लव्हाळे जातात, उथळ काठ जातो आणि त्याबरोबर पक्षीही जातात. पाणी असते, ताट मात्र उचललेले असते. कोठे काठापर्यंत नांगरट होते, कोठे कचरा व सांडपाणी सोडले जाते. परिणाम तोच.

पाहावयास कसे जावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सूर्योदयापूर्वी पोहोचावे, सूर्य पाठीशी घ्यावा. मातकट रंगाचे कपडे घालावेत. पांढरे किंवा भडक नकोत. दुर्बीण आठ पट मोठे दाखविणारी पुरे. चार कुटुंबांत एक असली तरी भागते. वही मात्र प्रत्येक मुलाजवळ असावी : पक्षी कोठे होता, काय करीत होता, किती होते. थवा उडविण्यासाठी दगड मारणे वा टाळ्या वाजविणे कटाक्षाने टाळावे. प्रत्येक वेळी उडताना परतीच्या प्रवासासाठी साठविलेली चरबी खर्च होते. छायाचित्रासाठी जवळ जाणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते; आपली नोंदवही नीट असेल तर तीही त्या कामास उपयोगी पडेल.

विनंती

राजस्थानातील खिचन गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कांड्या करकोच्यांस धान्य घालीत आले. हजारो पक्षी तेथे उतरतात, आणि २०२५ साली त्या स्थळाचा रामसर यादीत समावेश झाला. आपल्याच राज्यात गदग जिल्ह्यातील मागडी तलावास तो मान २०२४ साली मिळाला. तेथे पट्टकादंब हंस हिवाळा काढतात.

आम्ही मात्र आपल्या सभासदांस धान्य मागत नाही. दान म्हणजे काही द्यावयाचेच, असे नाही; कित्येकदा हात न लावणे हेही दान असते. आपल्या गावच्या तळ्याचे काम निघेल तेव्हा ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत आपले वजन खर्च करून एक बाजू तरी भिंतीवाचून, उथळ व लव्हाळ्यांसह राहू द्यावी असा आग्रह धरावा. संक्रांतीस तळ्याकाठी पतंग उडवू नयेत, कारण मांजा झाडांत व लव्हाळ्यांत अडकून राहतो. फाटकी मासेमारीची जाळी दिसली तर गोळा करावी. सहलीस गेल्यावर आणलेला कागद, प्लास्टिक परत घरी न्यावे.

एवढे झाले तर पुढील पिढीसही दिवाळीनंतर घटप्रभेच्या काठी जाऊन आकाशातून उतरणारी रांग मोजता येईल. या हिवाळ्यात ज्यांस आमच्यासोबत यावयाचे असेल त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नाव नोंदवावे. येताना गरम कपडे, शिदोरी आणि थोडा धीर आणावा. बाकी सारे तेथे तयार असते.