तांबी आत गंजते का?

"ताई, ती तांबी आत गंजत तर नाही ना?" पाळणा लांबवायचा विषय निघाला की नर्सबाईंना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "नाही गं, काही होत नाही." मैत्रिणींनो, खरं उत्तर वेगळं आहे. तांबी झिजते, आणि झिजते म्हणूनच काम करते.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे आपल्याला आजीपासून ठाऊक. आंबट, खारट ओलाव्यात तांबं विरघळून ताकात उतरतं. गर्भाशयातला स्रावही खारट, त्यात थोडा प्राणवायू. तारेचा अगदी बारीक अंश रोज त्यात उतरत राहतो. कळकलेल्या ताकाने आपल्याला मळमळतं. इथे तो त्रास शुक्रजंतूंना होतो. त्यांची चाल मंदावते आणि स्त्रीबीजापर्यंत पोचणं अवघड होऊन बसतं.

१९६५ मध्ये सरकारने 'लूप' आणला तेव्हा तो नुसत्या प्लॅस्टिकचा होता. पुढे चिलीच्या डॉ. हाइमे झिपर यांनी सशांवर तांब्याच्या तारेचा प्रयोग केला, आणि १९६९ च्या सुमारास ती तार अमेरिकेच्या डॉ. हॉवर्ड टॅटम यांच्या टी आकाराच्या प्लॅस्टिकवर गुंडाळली गेली. 'कॉपर-टी ३८० ए' मधला ३८० म्हणजे तांब्याचा ३८० चौरस मिलिमीटर पृष्ठभाग. वजन नाही सांगितलं, पृष्ठभाग सांगितला, कारण झीज होते ती वरूनच.

नवी तार सुरुवातीला भराभर झिजते. पहिले तीन ते सहा महिने पाळीला जास्त जातं, ओटीपोटात दुखतं, त्याचं एक कारण हे मानतात. मग वेग उतरतो. दिवसाला काही दशांश नव्हे, मिलिग्रॅमचे काही शतांशच तांबं सुटतं. रोजच्या जेवणातून मात्र एक-दोन मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणजे विषबाधेची भीती नको. पण विल्सन नावाच्या आजारात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही, अशा बाईने तांबी बसवू नये. अंगात रक्त कमी असेल, पाळीला फार जात असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

मिरजेत हाडात घातलेल्या स्टीलच्या रॉडचं उलट. तो गंजताच कामा नये. मॅग्नेशियमचं आणखी तिसरंच. बेल्जियमचे सर्जन लॅम्बोट यांनी १९०७ मध्ये मोडक्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. दोन धातू ओलाव्यात भिडले की त्यातला कमकुवत झपाट्याने झिजतो. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली हायड्रोजन वायू साठला! आता मिश्रधातू वापरून हा वेग आवरलाय. जर्मनीत बनलेला मॅग्नेशियमचा स्क्रू २०१३ पासून युरोपात वापरतात. हाड जुळेपर्यंत तो धरून ठेवतो, मग हळूहळू शरीरात जिरतो. काढायला दुसरं ऑपरेशन नको.

साताऱ्यात २००७ मध्ये जिल्हा परिषदेने 'सेकंड हनिमून पॅकेज' काढलं होतं. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. पैसे ठीकच, पण अंगात ठेवायची वस्तू कशी चालते हे समजलं, तर बाई जास्त निर्धास्त होते, असं मला वाटतं.

सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसवतात. '३८० ए' दहा वर्षं चालते, '३७५' पाच वर्षं. तारखेचं कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवा, कारण मुदत संपली तरी विसरून आत राहिलेल्या तांब्या पुष्कळ. काढल्यावर ती काळपट दिसेल, चुन्यासारखा थरही असेल. घाबरू नका, हंडा चिंचेने घासायच्या आधी तसाच दिसतो की!