मॉनिटरमा भूत शे!

समजा, जळगावच्या सराफ बाजारातलं दुकान. भिंतीवरच्या स्क्रीनवर सकाळपासून सोन्याचा भाव. रात्री शटर अर्धं ओढून शेठनी त्याच स्क्रीनवर मॅच लावली, तर फलंदाजाच्या पोटातून ‘२२ कॅरेट’ डोकावतंय! घाबरू नका. भूत आहे, पण बहुधा सोडून जाणारं.

एलसीडीत तेच चित्र तासन्‌तास राहिलं की आतले विद्युतभारित कण एका बाजूला साचतात. मग चित्र बदललं तरी तिथले द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल) जुन्याच कलाने थोडे वाकून राहतात. उतारा फुकटचा: स्क्रीन रात्रभर बंद ठेवा, नाहीतर काही तास पांढरी किंवा हलत्या रंगांची चित्रं फिरवा. ओलेडचं मात्र तसं नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि देता देता झिजतो, त्यातही निळा सगळ्यांत आधी. तो डाग म्हणजे भूत नव्हे, व्रण. तो जात नाही.

जुन्या डब्बा मॉनिटरचंही हेच होतं, काचेमागचा फॉस्फर जळायचा. म्हणून तर स्क्रीनसेव्हर आला! जॉन सोचा यांचा पहिला स्क्रीनसेव्हर डिसेंबर १९८३ मध्ये एका अमेरिकी मासिकात छापून आला. तीन मिनिटं कुणी बटण दाबलं नाही की पडदा काळा, बास. उडते टोस्टर वगैरे चैन १९८९ नंतरची.

भगत बोलावण्याआधी

भुताचा स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर पाहा. सावली तिथेही दिसली, तर दोष कॉम्प्युटरचा. नाही दिसली, तर मॉनिटरचा किंवा केबलचा. या दोघांतला गुन्हेगार कोण? मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून त्याचा मेनू उघडा. मेनूची अक्षरं स्वच्छ आणि बाकीची भुताळलेली दिसली, तर केबल बदलून बघा. एवढं न करता नवा मॉनिटर आणणाऱ्यांची मला खरंच गंमत वाटते.

निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलचं भूत तर लगेच ओळखू येतं: प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे फिकट जुळा भाऊ. केबल लांब, हलकी किंवा सैल असली की सिग्नल टोकाला आपटून परत फिरतो आणि उशिरा पोचतो. उशिरा म्हणून उजवीकडे, कारण रेघ डावीकडून उजवीकडे काढली जाते.

दूरदर्शनच्या दिवसांत गच्चीवरून “आलं का?” आणि खालून “दोन-दोन दिसतात!” हा संवाद याच कारणाने व्हायचा. एक लहर थेट यायची, दुसरी डोंगरावर आपटून. त्या जुळ्यावरून चक्क अंतर काढता येई! एक रेघ पडद्यावर उमटायला ५२ मायक्रोसेकंद लागत, आणि लहर दर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर धावते. वीस इंची टीव्हीवर जुळा तीन इंच बाजूला दिसला, तर लहर साधारण तीन किलोमीटरचा वळसा घालून आली असं समजावं.

थंडीतलं भूत

धुळ्याचा पारा जानेवारीत कधी पाच-सहा अंशांवर येतो. थंडीत द्रवस्फटिक थिजल्या तुपासारखे घट्ट होतात, वळायला वेळ घेतात आणि माउसमागे शेपूट दिसतं. मॉनिटर थोडा तापू द्या, शेपूट आपोआप आखडतं. मे महिन्याची कथा उलटी. बऱ्याच मॉनिटरच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. जळगाव-भुसावळला ती वाचून कूलरसमोर बसलेला माणूस फक्त हसतो.

आता खास आपल्या जळगाव जिल्ह्यासाठी. द्रवस्फटिक पहिल्यांदा ध्यानात आले १८८८ मध्ये, फ्रीडरिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, तेही गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या पदार्थात. तो दोनदा वितळला! १४५.५ अंशांना गढूळ, १७८.५ ला नितळ. आणि १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी मधोमध वाकलेल्या रेणूंच्या द्रवस्फटिकांची करामत दाखवली. त्यांच्या अवस्थांना बी-१, बी-२ अशी नावं पडली. बी म्हणजे बनाना, केळं! तुमच्या मॉनिटरमध्ये ते नसतात, पण केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

गाजर झालं, केळं झालं. भरताच्या वांग्याचा नंबर कधी लागतो, बघू.